५५०डी, ६५९ आणि ७११

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत ‘पाचशे पन्नास डी’ म्हटलं की समोरचा माणूस टनाचा भाव सांगतो. गांधी चमनच्या बाजूला एखाद्या फोटो स्टुडिओत तेच शब्द उच्चारले तर विचारणा होते, ‘नुसती बॉडी पाहिजे का लेन्ससकट?’ दोघंही आपापल्या जागी बरोबर. लोखंडी सळईच्या ५००डी आणि ५५०डी ह्या प्रती भारतीय मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत आल्या. कॅनननं ५००डी नावाचा कॅमेरा २००९ साली काढला आणि ५५०डी २०१० साली. जालन्यात सळईचे कारखाने आहेत आणि लग्नसराईत कॅमेऱ्यांचीही कमी नसते, त्यामुळे हा योगायोग इथं जरा जास्तच जाणवतो.

पण सळईचं नाव बोलतं. ५५० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला निदान तेवढे न्यूटन ताण ती कायमची न ताणली जाता सोसते. ‘डी’ म्हणजे डक्टिलिटी, तुटण्याआधी ताणलं जाण्याचा गुण. भूकंपात घर एकदम कोसळू नये म्हणून तो लागतो. कॅमेऱ्यातला ५५० कशाचंच माप नाही. तो घरातल्या भावंडांमधला क्रम आहे, आणि ‘डी’ म्हणजे नुसतं डिजिटल. आज डिजिटल नसलेला कॅमेरा शोधावा लागतो, तरी ते अक्षर पाटीवर राहिलं.

कॅमेऱ्यांचा हा गोंधळ मुळात एका अक्षराच्या जागेचा आहे. निकॉननं १९९९ साली डी१ काढला, अक्षर पुढे. कॅननचंही सुरुवातीला तसंच होतं: २००० साली डी३०, २००२ साली डी६०. मग २००३ च्या १०डीपासून कॅनननं अक्षर मागे नेलं. पुढे २००८ साली निकॉनचा डी६० आला आणि २०१० साली कॅननचा ६०डी. म्हणजे डी६० नावाचे दोन कॅमेरे दोन वैरी घराण्यांत, आणि उलटं नाव घेऊन तिसरा. पहिला सुमारे ६ मेगापिक्सेलचा, दुसरा १० चा, तिसरा १८ चा. डी८० आणि ८०डी, डी९० आणि ९०डी, डी५०० आणि ५००डी, डी७५० आणि ७५०डी ह्या जोड्याही अशाच. नव्या मालाच्या दुकानात ह्यानं फार बिघडत नाही, कारण खोक्यावर कंपनीचं नाव ठळक असतं. जुन्या कॅमेऱ्याचा सौदा फोनवर ठरतो तेव्हा मात्र ‘डी’ पुढे की मागे, ह्यावर हजारोंचा फरक पडतो. निकॉनचा डी५०० म्हणजे २०१६ चा धावत्या खेळांसाठीचा दणकट कॅमेरा, आणि कॅननचा ५००डी म्हणजे २००९ चा शिकाऊ माणसाचा.

आरसा नसलेले कॅमेरे आल्यावर अक्षरं वेगळी झाली, आकडे मात्र पुन्हा येऊन धडकले. २०२० साली निकॉनचा झेड५ आला आणि कॅननचा आर५. निकॉनचा पाच हा पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या घरातला स्वस्तातला, तर कॅननचा पाच वरच्या मानाचा. २०२३ साली झेड८ आणि आर८ आले आणि मानपान उलटा झाला: निकॉनचा आठ श्रीमंत, कॅननचा आठ साधा. एकाच्या शिडीवर आकडा वाढला की किंमत वाढते आणि दुसऱ्याच्या शिडीवर साधारण घटते. गिऱ्हाइकाला ही शिडी कुणी दाखवत नाही, आकडा तेवढा दाखवतात.

आकड्यांवर हक्क सांगणं अवघड असतं, हेही ह्यामागचं एक कारण. पोर्शनं १९६४ साली ९०१ नावाची गाडी आणली, तेव्हा मधे शून्य असलेले तीन आकडे आमचे, असं प्यूजोनं म्हटलं आणि गाडी ९११ झाली. पण इंटेलला १९९१ साली अमेरिकेतल्या न्यायालयात ३८६ ह्या आकड्यावर हक्क मिळाला नाही. मग पुढच्या पिढीची चिप त्यांनी १९९३ साली पेंटियम नावानं आणली. नाव राखायचं असेल तर शब्द लागतो आणि क्रम लावायचा असेल तर आकडा. ही ओढाताण प्रत्येक धंद्यात आहे. जालना जिल्ह्यात ती पाहायची तर मोंढ्यात जावं लागतं, मृगाच्या आधी, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरसमोर.

बियाण्याचं नाव बियाणंच गिळून टाकतं, ह्याचं मराठवाड्यातलं सगळ्यात जुनं उदाहरण ‘हायब्रीड’ हा शब्दच आहे. सीएसएच-१ हा ज्वारीचा संकरित वाण १९६४ साली आला, त्यामागोमाग सीएसएच-५, सीएसएच-९ आले. शेतकऱ्यांनी अक्षरं आणि आकडे बाजूला ठेवले आणि खरिपाच्या ज्वारीलाच हायब्रीड म्हणायला लागले. ‘हायब्रीडची भाकरी’ म्हणजे काळपट, पोटाला जड, नाइलाजाची. कापूस, मिरची, टोमॅटो सगळं हायब्रीड झालं, तरी आमच्या आज्यांच्या तोंडी हायब्रीड म्हणजे ज्वारीच राहिली.

त्याच १९६४ साली जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, काढली. त्यांची सुरुवात भेंडीच्या ‘पुसा सावनी’ ह्या सरकारी वाणाच्या बियाण्यापासून झाली होती. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ‘पुसा सावनी’ हे नाव मात्र जरा न्याहाळण्यासारखं आहे. पुसा हे बिहारमधलं गाव. तिथली कृषी संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीला हलली आणि गावाचं नाव बरोबर घेऊन गेली. म्हणून दिल्लीत जन्मलेली भेंडी बिहारच्या नावानं जालन्यात वाढली. नावाच्या पुढचं अक्षर पत्ता सांगतं, पण कधी कधी तो पत्ता जुना असतो. परभणीच्या विद्यापीठाचंही तसंच. मराठवाडा कृषी विद्यापीठाला २०१३ साली वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. त्यानंतर आलेल्या सोयाबीनच्या वाणांपुढे जुन्या नावाचं ‘एमएयूएस’ मात्र तसंच आहे, एमएयूएस-६१२ सकट.

सरकारी नावांची चेष्टा करणं सोपं आहे. मला ती चेष्टा पटत नाही, कारण वाचता आली तर ही नावं सगळ्यात प्रामाणिक आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राचंच पाहा. बीडीएन म्हणजे बदनापूर. बीडीएन-७११, बीडीएन-७१६ ह्या तुरी. पुढे जी लागला की हरभरा: बीडीएनजी-७९७, म्हणजेच ‘आकाश’. बीडीयू-१ म्हणजे बदनापूरचा उडीद, बीएम म्हणजे बदनापूरचा मूग. बीएसएमआर-७३६ हे नाव जिभेला काटेरी वाटतं, पण ते उलगडलं की बदनापूर आणि पुढे स्टेरिलिटी मोझॅकला प्रतिकारक, म्हणजे वांझ रोगाला न बधणारी तूर. रोगावरचा उतारा नावातच लिहून ठेवलाय. उडदाच्या टीएयू-१ मध्ये तर दोन संस्थांची भागीदारी आहे: टी ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचा, ए अकोल्याच्या विद्यापीठाचा, यू उडदाचा.

प्रामाणिक असूनही ही नावं अर्ध्यावर थांबतात. पीक, गाव, कधी रोग एवढं सांगून झालं की पुढचा आकडा मुका होतो. ७११ आणि ७१६ यांत शेवटच्या एका आकड्याचा फरक. शेतात मात्र एकीचे दाणे पांढरे, दुसरीचे लाल. एक साधारण १५० ते १५५ दिवसांत निघते, दुसरी त्यापुढे दहा-पंधरा दिवस घेते. हलक्या-मध्यम रानात, परतीचा पाऊस दगा देतो तिथं हे दहा-पंधरा दिवस म्हणजे शेंगा भरणं आणि न भरणं. बीएसएमआर-७३६ लाल आणि बीएसएमआर-८५३ पांढरी, इथंही रंग नावात नाही. आता नव्या वाणांत वर्षच घुसलंय: बीडीएन २०१३-४१ ही ‘गोदावरी’ आणि बीडीएन २०१३-२ ही ‘रेणुका’. एक पांढरी, एक लाल. दुकानात ‘दोन हजार तेरा द्या’ म्हटलं तर दुकानदार कोणती देईल हे त्याच्याकडे कोणती उरलीय त्यावर आहे.

म्हणून विद्यापीठांनी कोडाशेजारी हाक मारायचं नाव ठेवायला सुरुवात केली, आणि तिथं दुसराच घोळ झाला. राहुरीचे हरभरे घ्या: विजय, विशाल, विराट, दिग्विजय, विक्रम, विक्रांत, विश्वराज. सगळे पराक्रमी, सगळे एका घरातले, आणि बहुतेक ‘वि’ वरून. ह्यातला विराट काबुली आहे आणि विक्रम यंत्रानं काढता यावा म्हणून उंच वाढणारा. नावावरून दोघेही नुसते शूर वाटतात. सोयाबीनमध्ये कसबे डिग्रजचा केडीएस-७२६ म्हणजे ‘फुले संगम’ आणि केडीएस-७५३ म्हणजे ‘फुले किमया’. शेतकरी एकाचं नाव आणि दुसऱ्याचा आकडा मिसळून बोलतात. जबलपूरच्या जेएस ९३-०५ मधली आडवी रेघ तर कुणी वाचतच नाही. आमच्याकडे ते सरळ ‘त्र्याण्णव पाच’ नाही तर ‘नऊ हजार तीनशे पाच’ असतं. जेएस-३३५ मात्र १९९४ पासून नुसतं ‘तीनशे पस्तीस’, आणि त्याला दुसऱ्या नावाची गरज कधी पडली नाही.

खासगी कंपन्यांचा बाजार ह्याहून वेगळा. २६ मार्च २००२ ला केंद्राच्या समितीनं बोंडअळीविरुद्धचं जनुक असलेल्या बीटी कपाशीला पहिली परवानगी दिली, तेव्हा नावं तीनच होती: एमईसीएच-१२, १६२ आणि १८४. तिन्ही महिकोची. त्याआधीच, २००१ साली, गुजरातेत नवभारत-१५१ नावाच्या वाणात बिनपरवाना बीटी सापडलं होतं. म्हणजे देशात बीटी आलं तेच दुसऱ्याच्या नावाआडून. तीनाची संख्या दहाएक वर्षांत हजाराच्या वर गेली. एवढी पोरं एकदम जन्मली की नावं कुठून आणणार? राशीचा आरसीएच, कावेरीचा केसीएच, अजितचा एसीएच, जेकेचा जेकेसीएच. सीएच म्हणजे कॉटन हायब्रीड, ते सगळ्यांचं सामायिक. वेगळेपण पहिल्या अक्षरात आणि पुढच्या आकड्यात, डी६० आणि ६०डीसारखंच.

ह्या सारखेपणाचं खरं कारण पाकिटाच्या आत आहे. ह्या कपाशीतलं ‘बोलगार्ड’ जनुक एकाच मूळ घराण्याचं, महिको-मोन्सँटोकडून बाकीच्या बहुतेक कंपन्यांनी परवान्यानं घेतलेलं. २००६ साली बीजी-टू, म्हणजे बोलगार्ड-टू, आलं, तेही तसंच. सुरुवातीला सोळाशेच्या आसपास असलेलं पाकीट पुढे सरकारनं भावात बांधलं: २०१६ साली केंद्रानं बीजी-टूची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली, २०२४ साली ती ८६४ होती. वजन ठरलेलं, किंमत ठरलेली, अळीविरुद्धचं औजार तेच. कंपन्यांचे संकर वेगळे असतात, बोंडाचा आकार, कालावधी, रसशोषक किडींपुढचा टिकाव यांत फरक असतो, हे खरं. पण काउंटरवर उभ्या माणसाला त्यातलं काही दिसत नाही. तिथं वेगळं दिसण्यासारखं नावच उरतं. कॅमेऱ्यांतही कित्येकदा दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांच्या आत सेन्सर एकाच कारखान्याचा असतो, आणि नाव तेवढं बाहेर भांडतं.

मग नावं जोरात आली: बन्नी, मल्लिका, कबड्डी, जादू, मनीमेकर, एटीएम, डॉ. ब्रेंट. ह्या यादीत पीक कुठं आहे? फुलांची नावं गेली, खेळ आणि पैसा आला. ‘एटीएम’ हे नाव ज्यानं ठेवलं त्याला शेतकऱ्याची दुखरी नस सापडली होती, एवढं मान्य करावं लागतं. आणि तरीही, हे सगळं गोड बोलणं असताना गावात जास्त चालले ते आकडेच. ‘राशी सहाशे एकोणसाठ’ मधलं राशी गळून जातं आणि ‘सहाशे एकोणसाठ’ उरतं, ‘अजित एकशे पंचावन्न’ मधलं अजितही काही ठिकाणी गळतं. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात अजित-१५५ साठी भर उन्हात रांगा लागल्या. त्या रांगेतल्या माणसाला त्याच कंपनीचा दुसरा आकडा दिला तर तो घेत नव्हता. आकडा तिथं वाणाचं नाव राहिला नाही, गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या रानात दिसलेल्या पिकाची साक्ष झाला.

अशी साक्ष नक्कल करणाऱ्याला फार सोयीची असते. पाकिटावर मोठ्या अक्षरात तोच आकडा, त्याच रंगाचं कापसाचं बोंड, आणि कंपनीचं नाव खाली बारीक. एकच वाण दोन कंपन्या परस्पर कराराने वेगवेगळ्या नावांनी विकतात, असंही होतं. तेव्हा ‘ह्या वर्षी वाण बदलला’ असं म्हणणाऱ्यानं फक्त पाकीट बदललं असण्याची शक्यता असते. उलटी फसवणूक त्याहून वाईट. तणनाशक सोसणाऱ्या बेकायदा कपाशीला गावात ‘चोर बीटी’ म्हणतात, पण विकणारा तिला ‘बीजी-थ्री’ म्हणतो. एक, दोन, मग तीन, आकड्यांच्या शिडीवर पुढची पायरी वाटावी म्हणून. भारतात बीजी-थ्रीला परवानगीच नाही. ऑस्ट्रेलियात बोलगार्ड-थ्री आहे, पण ते अळीसाठीचं तिसरं जनुक, तणनाशकाशी त्याचं नातं नाही. नुसत्या एका आकड्यानं चोराला घराण्याचा वारस करून टाकलं.

कायद्याला हे सगळं अगोदर सुचलेलं होतं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा. त्याच्या १५ व्या कलमात कुठलं नाव नोंदवता येणार नाही ह्याची यादी आहे. नुसत्या आकड्यांचं नाव चालत नाही. वाणाच्या गुणांबद्दल, किमतीबद्दल किंवा तो कुणी काढला ह्याबद्दल गैरसमज होईल असं नाव चालत नाही. त्याच किंवा जवळच्या पिकातल्या नोंदलेल्या नावाशी जुळणारं चालत नाही. गावाचं, प्रदेशाचं नावही एरवी नाही, वापर प्रामाणिक वाटला तरच निबंधक ते मान्य करू शकतो. वाचताना वाटतं, ‘मनीमेकर’सारखं नाव ह्या किमतीच्या अटीत अडकायला हवं होतं. पण नोंदणी ऐच्छिक आहे, आणि नोंदीतलं नाव वेगळं, पाकिटावरचं हाक मारायचं नाव वेगळं. नोंदीत केसीएच-१४के५९ आणि पाकिटावर ‘जादू’. कायदा पहिल्याची राखण करतो, विक्री दुसऱ्यावर होते. आणि नुसता आकडा नाव म्हणून चालणार नाही, असं कायदा म्हणतो तेव्हा अख्खा मराठवाडा वाणाला नुसत्या आकड्यानं हाक मारत असतो.

पीक चांगलं आलं तर ह्यातल्या कशाची आठवण होत नाही. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली तेव्हा नाव काय असतं ते कळलं. तक्रारीसाठी ‘जी फॉर्म’ भरायचे होते. त्यात कंपनी, वाण, लॉट नंबर आणि सोबत बिल. बिलावर कित्येकांच्या ‘कापूस बियाणे, ३ पाकीट’ एवढंच. वाण विचारला तर ‘जादू का काय ते’, नाही तर ‘एकशे पंचावन्न असेल’. एका पाकिटाचं बियाणं आणि दुसऱ्याचं बिल, असंही झालं. शेतकरी हाही ग्राहकच आहे, त्याला ग्राहक न्यायालयात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केलं होतं. पण तिथं पोचायला आधी आपण नेमकं काय विकत घेतलं ते अक्षरासकट सांगता यावं लागतं.

ह्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला तर नावच नसतं. जाफराबाद, भोकरदनकडे शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन करणारी कुटुंबं पहाटेपासून फुलांचं क्रॉसिंग करतात. त्यांच्या हातात नर आणि मादी ह्यांचे कोड येतात. त्यातून तयार झालेलं बी पुढे कुठल्या राज्यात कुठल्या नावानं विकलं जाईल ते त्यांना कळेलच असं नाही. बियाणं जन्माला घालणाऱ्याला कोड, पेरणाऱ्याला टोपणनाव, आणि मधल्या माणसाकडे दोन्हींची वही.

पाकिटावर बघण्यासारखी जागा एकच आहे, आणि ती पुढच्या बाजूला नसते. शिलाईशी लावलेलं लेबल. प्रमाणित बियाण्याचं निळं, सत्यप्रत बियाण्याचं हिरवट. त्यावर पीक, वाण, लॉट, उगवणक्षमता, मुदत बारीक छापलेली असते. पाकीट फोडताना पहिला टराका त्याच शिलाईवर बसतो आणि लेबल बांधावर उडून जातं.

काही जण मात्र पेरणी झाली की रिकामं पाकीट तुऱ्हाटीला खोचून तासाच्या तोंडाशी रोवतात. दोन-तीन वाण असले तर दोन-तीन तुऱ्हाट्या. श्रावणापर्यंत उन्हापावसानं बोंडाचं चित्र विटतं, मोठी अक्षरं पांढरी पडतात. तोवर घरात एका वाणाचं नाव ‘विहिरीकडचं’ आणि दुसऱ्याचं ‘रस्त्याकडचं’ पडलेलं असतं.